समुद्राचं रजिस्टर कुणाच्या हातात? खोल समुद्राचा नवा करार आणि आपण

यंदा १७ जानेवारीला एक मोठा जागतिक करार अमलात आला. त्या दिवसांत नंदुरबारच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत होती, टीव्हीवर नेहमीप्रमाणे राजकारणाचे वाद रंगले होते, आणि या कराराची बातमी कुठल्या तरी कोपऱ्यात येऊन गेली. करार खोल समुद्राचा. आम्ही राहतो रनाळ्यात. इथून समुद्र गाठायचा तर तापीच्या काठाकाठाने सुरतेपर्यंत जावं लागतं. आमच्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी समुद्र फक्त मोबाइलवर पाहिला आहे.

तरीही आम्ही वर्गात हा विषय काढला. एका मुलाने लगेच विचारलं, "सर, जो समुद्र कुणाचाच नाही, त्याचा करार कोण कुणाशी करतं?" प्रश्न अगदी बरोबर होता. वर्गात त्याचं उत्तर पुरतं देता आलं नाही, म्हणून आज इथे सविस्तर लिहितो आहोत.

समुद्रातलं गायरान

कराराचं पूर्ण नाव लांबलचक आहे. राष्ट्रीय अधिकारक्षेत्राबाहेरील सागरी जैवविविधतेचं संवर्धन आणि शाश्वत वापर, असा त्याचा विषय. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'बीबीएनजे' म्हणतात, तर बोलीभाषेत 'हाय सीज ट्रीटी', म्हणजे खुल्या समुद्राचा करार.

खेड्यातल्या माणसाला हे समजावणं सोपं आहे. गावात प्रत्येकाचं शेत असतं, सातबाऱ्यावर नाव असतं, आणि शेतांच्या पलीकडे गायरान असतं. समुद्राचंही तसंच. किनाऱ्यापासून २०० सागरी मैल, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंतच्या पाण्यातल्या मासळीवर आणि साधनसंपत्तीवर त्या त्या देशाचा हक्क असतो. त्यापलीकडचं पाणी म्हणजे गायरान. जगातल्या महासागरांचा जवळपास दोन तृतीयांश भाग या गायरानात येतो.

गायरानाचं पुढे काय होतं, हेही आपल्याला ठाऊक आहे. ज्याच्याकडे ट्रॅक्टर तो आधी नांगर फिरवतो. ज्याची तलाठ्याकडे ऊठबस तो कागद करून घेतो. ज्याच्या दोन शेळ्या तिथे चरत होत्या त्याला शेवटी कळतं की आता इथे कुंपण आहे. खुल्या समुद्रात नेमकं असं होऊ नये, यासाठी हा करार आहे. संयुक्त राष्ट्रांत जवळपास वीस वर्षं चर्चा झाली, १९ जून २०२३ रोजी मसुदा मंजूर झाला, भारताने २५ सप्टेंबर २०२४ रोजी सही केली. करार अमलात येण्यासाठी ६० देशांचं अनुमोदन हवं होतं. तो आकडा १९ सप्टेंबर २०२५ रोजी पूर्ण झाला, आणि तो गाठून देणाऱ्या देशांत मोरोक्को होता. त्यानंतर १२० दिवसांनी करार लागू झाला.

करारात चार मुख्य गोष्टी आहेत. एक, खोल समुद्रातल्या जीवांपासून मिळणाऱ्या जनुकीय साधनांचा फायदा वाटून घेणं. दोन, खुल्या समुद्रात संरक्षित क्षेत्रं ठरवणं. तीन, मोठं काम करण्याआधी पर्यावरणावरचा परिणाम तपासणं. चार, गरीब आणि विकसनशील देशांना तंत्रज्ञान व प्रशिक्षण देणं. या चारही गोष्टी शेवटी एकाच जागी येऊन थांबतात, ती म्हणजे माहिती. खाली काय आहे, ते कुणी पाहिलं, कुठे लिहून ठेवलं आणि ती वही कुणाच्या कपाटात आहे?

पाहिलं किती?

माणसाने खोल समुद्राचा तळ डोळ्यांनी किंवा कॅमेऱ्याने किती पाहिला, याचा हिशोब मांडणारा एक अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५८ पासूनच्या सुमारे ४४ हजार बुड्यांच्या नोंदी त्यात तपासल्या आहेत. उत्तर आलं ०.००१ टक्क्याहूनही कमी. जमिनीच्या मापात सांगायचं तर सुमारे ३,८०० चौरस किलोमीटर. आपला एकटा नंदुरबार जिल्हा यापेक्षा मोठा आहे. पृथ्वीचा दोन तृतीयांश पृष्ठभाग व्यापणाऱ्या खोल समुद्राबद्दल आपण जे काही ठामपणे बोलतो, ते एका जिल्ह्याएवढा भागही न पाहता.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. या बुड्यांपैकी ९७ टक्के पाच देशांनी मारलेल्या आहेत: अमेरिका, जपान, न्यूझीलंड, फ्रान्स आणि जर्मनी. म्हणजे जगाचं गायरान आहे, पण ते फिरून पाहिलं आहे पाच घरांनीच. हिंद महासागराच्या काठी एवढे देश आहेत. त्यांत भारत, बांगलादेश, इंडोनेशिया, ओमान, येमेन, सोमालिया, टांझानिया, मालदीव आले. पण त्यांच्या दारातला तळ पाहायला जहाज बाहेरून येतं, आणि नमुने जहाजाबरोबर परत जातात.

म्हणूनच आंतरराष्ट्रीय सहकार्य हा शब्द ऐकला की आम्ही आधी दोन प्रश्न विचारतो. जहाजावर आपली माणसं होती का? आणि परत आल्यावर माहिती आपल्याला मिळाली का?

मुंबई, कोची, गोवा

या प्रश्नांचं एक चांगलं उत्तर आपल्याच इतिहासात आहे. १९५९ ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंद महासागर मोहीम झाली. तोपर्यंत हिंद महासागर हा जगातला सर्वांत कमी अभ्यासलेला महासागर मानला जाई. बारा-पंधरा देश आणि चाळीसहून अधिक जहाजं या मोहिमेत उतरली. भारताने नौदलाचं 'किस्तना' हे जहाज दिलं. पण खरी हुशारी जहाजात नव्हती. माहिती कुठे जमा होणार, हे भारताने आधीच पक्कं केलं, तिथे ती दिसली.

हवामानाच्या नोंदींसाठी १९६३ मध्ये मुंबईत कुलाब्याला आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र उभं राहिलं. तिथे त्या काळी दुर्मीळ असलेला संगणकही आला. जाळ्यात आलेल्या सूक्ष्म जीवांचे नमुने निवडण्यासाठी कोचीला हिंद महासागर जैविक केंद्र सुरू झालं. परदेशी जहाजांनी गोळा केलेल्या बरण्या कोचीच्या टेबलांवर आल्या आणि भारतीय मुलामुलींनी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक जीव वेगळा केला. ते करता करता ती पिढी तज्ज्ञ झाली. मोहीम संपली आणि १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, म्हणजे 'एनआयओ', स्थापन झाली. आज तिचं मुख्यालय गोव्यात दोना पावलाला आहे आणि एक प्रादेशिक केंद्र मुंबईत आहे.

याच संस्थेच्या इतिहासात एक नाव आहे, जे आपल्या घरांत फारसं घेतलं जात नाही. डॉ. सय्यद झहूर कासिम. १९२६ मध्ये अलाहाबादला जन्म, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात शिक्षण आणि अध्यापन, पुढे ब्रिटनमध्ये वेल्सला संशोधन. १९७४ ते १९८१ ते एनआयओचे संचालक होते. त्यांच्याच काळात, २६ जानेवारी १९८१ रोजी, 'गवेषणी' या भारतीय संशोधन जहाजाने समुद्रतळावरून पहिल्यांदा धातूंचे गोटे वर काढले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी बर्फावर उतरली. २१ जणांच्या त्या तुकडीचे प्रमुख कासिम साहेब होते. त्यांना पद्मभूषण मिळालं, पुढे ते जामिया मिल्लिया इस्लामियाचे कुलगुरू झाले. २०१५ मध्ये त्यांचं निधन झालं.

आमच्या वर्गात आम्ही हे नाव फळ्यावर लिहिलं तेव्हा एकाही मुलाने ते ऐकलेलं नव्हतं. दोष मुलांचा नाही. आम्हीच कधी सांगितलं नव्हतं.

पन्नास वर्षांनी, डिसेंबर २०१५ मध्ये, दुसऱ्या आंतरराष्ट्रीय हिंद महासागर मोहिमेची सुरुवातही गोव्यातूनच झाली. सहकार्याची ही परंपरा आपल्याकडे जुनी आहे. म्हणून नव्या कराराकडे भारताने पाहुण्यासारखं नव्हे, तर घरच्या माणसासारखं पाहायला हवं.

नावांचा घोळ आणि समुद्राचं जनरल रजिस्टर

आता माहिती सांभाळण्याच्या कामाकडे येऊ. हे काम बाहेरून कंटाळवाणं वाटतं. पण ज्याने शाळेचं जनरल रजिस्टर लिहिलं आहे, त्याला त्याची किंमत कळते.

आपल्या घरांत नावांचं काय होतं ते सांगायला नको. शाळेच्या दाखल्यावर 'सय्यद', आधारवर 'सैय्यद', बँकेच्या पासबुकावर 'सैयद'. वडिलांचं नाव एका ठिकाणी 'मोहम्मद', दुसरीकडे 'मोहंमद', तिसरीकडे नुसतं 'मो.'. माणूस एकच, पण संगणकाच्या लेखी तीन माणसं. आमच्या एका विद्यार्थिनीची शिष्यवृत्ती अशाच एका अक्षरासाठी वर्षभर अडकली. आई-वडील मजुरी बुडवून एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरले. पैसे आले तेव्हा मुलगी पुढच्या वर्गात गेली होती.

समुद्रातल्या जीवांचं हुबेहूब असंच आहे. एकाच जीवाला वेगवेगळ्या देशांतल्या शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या काळी वेगवेगळी नावं दिली. सागरी जीवांच्या नावांची जागतिक नोंदवही आहे, तिच्या तज्ज्ञांनी २०१५ मध्ये हिशोब जाहीर केला. तपासलेली नावं सुमारे ४ लाख १९ हजार आणि त्यांतली दुबार निघाली १ लाख ९० हजारांहून जास्त. एका समुद्री गोगलगाईला तर ११३ नावं मिळाली होती! ही नावं जुळवली नाहीत तर एक जात अनेक जाती असल्यासारखी दिसते, आणि जी जात संपत चालली आहे ती भरपूर असल्याचा भास होतो.

नावानंतर येते जागा. कुठल्या अक्षांश-रेखांशावर, किती खोलीवर, कुठल्या तारखेला, कुठल्या जाळ्याने किंवा कॅमेऱ्याने. ०५/०६ म्हणजे ५ जून की ६ मे? एकाने भारतीय पद्धतीने लिहिलं, दुसऱ्याने अमेरिकी पद्धतीने वाचलं, की हंगामच बदलला. रेखांशाचा एक आकडा चुकला तर अरबी समुद्रातला मासा थेट सह्याद्रीत जाऊन पडतो. म्हणून आलेली प्रत्येक नोंद तपासली जाते. जमिनीवर पडलेल्या नोंदींवर खूण केली जाते आणि नाव जागतिक नोंदवहीशी जुळवलं जातं.

हे काम करणारं सर्वांत मोठं व्यासपीठ म्हणजे 'ओबिस', महासागरातल्या जैवविविधतेची जागतिक माहिती प्रणाली. 'सेन्सस ऑफ मरीन लाइफ', म्हणजे समुद्री जीवांची शिरगणती, असा एक प्रकल्प २००० ते २०१० या दशकात झाला. ऐंशीहून अधिक देशांतले सुमारे २,७०० शास्त्रज्ञ त्यात होते. ओबिस त्यातून जन्माला आली. २००९ मध्ये युनेस्कोच्या आंतरशासकीय समुद्रविज्ञान आयोगाने तिची जबाबदारी घेतली. आज तिच्यात दहा कोटींहून अधिक नोंदी आहेत आणि त्या कुणालाही फुकट पाहता येतात. हिंद महासागरासाठी तिची शाखा आहे 'इंडओबिस', आणि ती कोचीच्या सागरी सजीव संसाधन व परिसंस्था केंद्रात चालते. समुद्राच्या तापमान, क्षारता, लाटा यांसारख्या नोंदींसाठी हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था आहे. भारताचं राष्ट्रीय समुद्रविषयक माहिती केंद्र तिथे आहे आणि हिंद महासागराच्या काठच्या देशांतले तरुण प्रशिक्षणासाठी तिथे येतात.

पण या कोट्यवधी नोंदींत एक मोठी त्रुटी आहे. बहुतेक नोंदी उथळ पाण्यातल्या आणि श्रीमंत देशांच्या किनाऱ्यांजवळच्या आहेत. खोल पाणी आणि गरीब देशांचे समुद्र अजून कोरेच आहेत. नकाशावर कोरी दिसणारी जागा रिकामी असते असं नाही. तिथे कुणी मोजायलाच गेलेलं नसतं. जनगणनेत ज्या वस्तीची नोंद होत नाही, त्या वस्तीला नळ मिळत नाही. समुद्रातही न्याय तोच आहे.

साडेपाच किलोमीटर खाली भारताचा पट्टा

आता पैशाचा विषय. कन्याकुमारीपासून बरंच दक्षिणेला, मध्य हिंद महासागरात, ७५ हजार चौरस किलोमीटरच्या समुद्रतळावर शोधकार्य करण्याचा हक्क भारताकडे आहे. हा पट्टा जवळपास पाव महाराष्ट्राएवढा आहे. १९८७ मध्ये भारत या कामातला पहिला नोंदणीकृत 'पायोनियर' देश ठरला आणि २५ मार्च २००२ रोजी आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी करार झाला. इथे पाच ते साडेपाच किलोमीटर खोलीवर बटाट्याएवढे काळे गोटे पडलेले आहेत. त्यांत मँगनीज, निकेल, तांबं आणि कोबाल्ट आहे. सरकारी अंदाजानुसार या पट्ट्यात ३८ कोटी टन गोटे आहेत. बॅटऱ्यांसाठी, विजेच्या गाड्यांसाठी हेच धातू लागतात. सप्टेंबर २०२५ मध्ये अरबी समुद्रातल्या कार्ल्सबर्ग पर्वतरांगेत आणखी १० हजार चौरस किलोमीटरचा हक्क भारताला मिळाला, तो गंधकयुक्त धातूंसाठी.

२०२१ मध्ये केंद्र सरकारने ४,०७७ कोटी रुपयांची 'डीप ओशन मिशन' ही योजना मंजूर केली. तिच्यात तीन माणसांना ६,००० मीटर खाली नेणारी 'मत्स्य ६०००' ही पाणबुडी आहे, आणि खोल समुद्रातल्या जैवविविधतेचा शोध व संवर्धन हाही एक स्वतंत्र भाग आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये फ्रान्सच्या 'नॉटिल' या पाणबुडीतून दोन भारतीय अटलांटिक महासागरात उतरले. एक चार हजार मीटरच्या पुढे गेला, दुसरा पाच हजारांच्या. सहकार्य म्हणतात ते हे. दुसऱ्याच्या वाहनात शिकायचं आणि मग आपलं चालवायचं.

पण इथेच एक कठीण प्रश्न उभा राहतो. हा गोटा दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतो. त्याच्या अंगावर आणि आजूबाजूच्या गाळात जीव राहतात. प्रशांत महासागरातल्या अशाच एका गोट्यांच्या प्रदेशाचा २०२३ मध्ये अभ्यास झाला, तेव्हा तिथल्या पाच हजारांहून अधिक जातींपैकी जवळपास ९० टक्के जातींना विज्ञानात अजून नावच नसल्याचं दिसलं. नाव ठेवण्याआधीच संपवायचं का?

भारताने हा प्रश्न पूर्वीच हाती घेतला होता, हे सांगायला हवं. १९९७ मध्ये एनआयओच्या शास्त्रज्ञांनी रशियन जहाजाच्या मदतीने मध्य हिंद महासागराच्या तळावर एक चाचणी केली. सुमारे ३ किलोमीटर लांब आणि २०० मीटर रुंद पट्ट्यातला गाळ मुद्दाम ढवळला, आणि पुढची काही वर्षं परत परत जाऊन तिथल्या जीवांचं काय झालं ते पाहिलं. ढवळल्यावर जीवांची संख्या घटली आणि ती सावरायला वेळ लागला. जर्मन शास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये पेरूजवळ अशीच चाचणी केली होती. २६ वर्षांनी परत जाऊन पाहिलं तर नांगराच्या रेघा तशाच होत्या. आपल्या शेतातली नांगरट एका पावसात मोडते, समुद्रतळावरची पिढ्यान्‌पिढ्या राहते.

म्हणून तीसहून अधिक देशांनी घाई करू नका, असं म्हटलं आहे. दुसरीकडे अमेरिकेने एप्रिल २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने स्वतःच्याच कायद्याखाली या खाणकामाला वेग देण्याचं ठरवलं. आणि इथे नव्या कराराची एक मर्यादाही ध्यानात घ्यायला हवी. खाणकामाचे परवाने अजूनही समुद्रतळ प्राधिकरणाकडेच आहेत, मासेमारीचे नियम प्रादेशिक संघटनांकडे. नवा करार त्यांच्या अधिकाराला धक्का लावत नाही. तो दबाव आणू शकतो, माहिती मागू शकतो, पण एकट्याने खाण थांबवू शकत नाही.

फायदा कुणाच्या खात्यात?

खोल समुद्रातली दुसरी दौलत डोळ्यांना दिसतच नाही. ती आहे जीवांच्या जनुकांत. समुद्रतळावरच्या उकळत्या झऱ्यांत राहणाऱ्या सूक्ष्म जीवांपासून उष्णता सोसणारी विकरं मिळाली. पीसीआरसारख्या तपासण्यांत अशी विकरं वापरली जातात. कोविडच्या काळात पीसीआर हा शब्द घराघरांत पोचला होता.

२०१८ मधल्या एका अभ्यासात सागरी जीवांच्या जनुकांवरचे पेटंट मोजले गेले. ८६२ जातींच्या सुमारे १३ हजार जनुकीय क्रमांवर पेटंट होते, आणि त्यांतले ४७ टक्के एकट्या एका जर्मन रसायन कंपनीकडे होते. जीव सगळ्यांच्या समुद्रातले, कागद एका कंपनीच्या तिजोरीत.

नवा करार इथे एक साधी पण कामाची व्यवस्था आणतो. खुल्या समुद्रात असे नमुने गोळा करणाऱ्याने आधी एका मध्यवर्ती माहिती यंत्रणेला कळवायचं. शक्यतो सहा महिने आधी. मग प्रत्येक मोहिमेच्या नमुन्यांना एक ओळख क्रमांक मिळतो. नमुना कुठल्या संग्रहालयात गेला, त्याची जनुकीय माहिती कुठे ठेवली, पुढे त्यातून औषध निघालं का, हे त्या क्रमांकावरून शोधता यावं अशी कल्पना आहे. आपल्या रेशनच्या गोण्यांसारखंच. कुठल्या गोदामातून निघाली आणि कुठल्या दुकानात पोचली, हे कागदावर असेल तरच वाटेत गळती पकडता येते.

मात्र पैशाचा वाटा नेमका किती आणि कसा, हे सदस्य देशांच्या परिषदेत ठरायचं आहे. तिथे मताचा अधिकार त्यालाच, ज्याने कराराला अनुमोदन दिलं. नुसती सही म्हणजे साखरपुडा. निकाह अजून व्हायचा असतो. अनुमोदनाबरोबर देशात त्याला धरून कायदा लागतो, नमुने आणि माहिती सांभाळणाऱ्या संस्थांना माणसं आणि पैसा लागतो. भारताने या टेबलावर पहिल्या रांगेत बसावं, असं आम्हाला वाटतं. नियम लिहिले जात असताना गैरहजर राहायचं आणि नंतर ते अन्यायाचे आहेत म्हणून ओरडायचं, यात शहाणपण नाही.

मिरचीच्या पथारीपर्यंत येणारं पाणी

आमच्याकडचा शेतकरी म्हणेल, हे सगळं ठीक, पण आम्हाला काय? उत्तर पावसात आहे.

आपला मॉन्सून समुद्रातून येतो. १९९९ मध्ये भारतीय आणि जपानी शास्त्रज्ञांनी मिळून 'हिंद महासागर द्विध्रुव' नावाची गोष्ट जगापुढे मांडली. पश्चिमेकडचं पाणी जास्त तापलं आणि इंडोनेशियाकडचं थंड झालं, की आपल्या पावसाला बळ मिळतं. २०१९ मध्ये हा द्विध्रुव जोरात होता आणि देशात सरासरीपेक्षा जास्त पाऊस झाला. उलट २०२३ चा ऑगस्ट, एल निनोच्या वर्षातला, १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. हे आधी कळायचं तर समुद्राचं पोट किती तापलंय ते कळायला हवं. त्यासाठी जगभर 'आर्गो' नावाची सुमारे चार हजार तरंगती यंत्रं सोडलेली आहेत. दर दहा दिवसांनी ती दोन हजार मीटर खालून वर येतात, वाटेत तापमान आणि क्षारता मोजतात आणि उपग्रहाला कळवतात. तीसहून अधिक देश मिळून हे चालवतात आणि माहिती सर्वांना खुली असते.

यातली जवळपास निम्मी यंत्रं अमेरिकेची आहेत. २०२५ मध्ये तिथल्या सरकारने समुद्र आणि हवामान संस्थेच्या खर्चात मोठ्या कपातीचा प्रस्ताव मांडला, तेव्हा जगभरच्या शास्त्रज्ञांना काळजी वाटली ती यामुळेच. वॉशिंग्टनमध्ये कात्री चालली की नंदुरबारच्या पथारीवर अवकाळीचा अंदाज कच्चा होऊ शकतो. एका घराच्या भरवशावर गावाची विहीर ठेवता येत नाही. भारताने आणि शेजाऱ्यांनी आपापला वाटा वाढवणं, हाच त्यावरचा उपाय.

किनाऱ्यावर तर हा संबंध आणखी थेट आहे. रत्नागिरी-रायगडकडच्या दालदी आणि कोळी मच्छीमारांना इन्कॉइसकडून मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे याची सूचना मराठीतही मिळते. ही देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी व्हावी, असं आम्हाला वाटतं. कुठल्या महिन्यात कुठल्या वावात कुठली मासळी लागायची आणि आता का लागत नाही, हे त्या घरांतल्या वडीलधाऱ्यांना तोंडपाठ आहे. तीसुद्धा माहितीच आहे, फक्त अजून कुठल्या रजिस्टरात चढलेली नाही.

आपली मुलं या वहीत कुठे आहेत?

शेवटी आमच्या धंद्याचं बोलतो. आपल्या घरांत बारावी सायन्स झालं की दोनच वाटा सांगितल्या जातात, डॉक्टर किंवा इंजिनिअर. नीटमध्ये गुण कमी पडले की मूल निराश होतं आणि आई-बाप त्याहून जास्त. पण रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, गोवा विद्यापीठात आणि कोचीच्या विद्यापीठात समुद्रविज्ञान शिकवलं जातं, एनआयओत संशोधन करता येतं. आणि या क्षेत्राला फक्त पाण्यात उतरणारी माणसं लागत नाहीत. नोंदी तपासणारे, नकाशे करणारे, संगणकाचे प्रोग्राम लिहिणारे, जनुकीय माहिती जुळवणारेही लागतात. ज्या मुलीला घरापासून लांब जहाजावर पाठवायला घरचे आज तयार नाहीत, तीसुद्धा हे काम हैदराबादच्या किंवा कोचीच्या कार्यालयात बसून करू शकते. उद्या घरचे तयार झाले तर जहाज आहेच.

आमची मुलं घरात उर्दू बोलतात, बाजारात मराठी-अहिराणी, आणि विज्ञानाचे शब्द इंग्रजीत शिकतात. हे ओझं आहे असं आम्हाला पूर्वी वाटायचं. आता वाटतं, एकाच गोष्टीची तीन नावं माहीत असणाऱ्या मुलाला नावं जुळवण्याचं काम कुणी शिकवायला नको. ११३ नावांची ती गोगलगाय त्याला लगेच समजते.

शाळांना एक विनंती आहे. ओबिसचा नकाशा फुकट आहे. एका तासिकेत तो मोबाइलवर किंवा प्रोजेक्टरवर उघडा आणि अरबी समुद्र दाखवा. आम्ही दाखवला. मुलांनी अमेरिका-युरोपच्या किनाऱ्याजवळची ठिपक्यांची गर्दी पाहिली आणि आपल्या बाजूचं विरळ पाणी पाहिलं. ज्याने पहिला प्रश्न विचारला होता, तो मुलगा बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, इथे तर अजून कुणी हजेरीच घेतलेली नाही."

हजेरी घ्यायला कुणीतरी जाणार आहेच. करार झाला आहे, जहाजं निघतील, पाणबुडी उतरेल, वही भरत जाईल. ती भरणाऱ्यांत आपल्या घरातलं एखादं नाव असावं, आणि ते नाव तिथे तरी बरोबर लिहिलेलं असावं, एवढीच आमची इच्छा आहे.